सोसायटीला वस्तीतल्या बायकांसाठी शिलाई यंत्रं घ्यायचीत. घ्यावीत का?

मृद्गंध

लोकहो, सल्ला हवाय.

आमच्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं होतायत. गणपतीची शिल्लक आणि चार घरांनी वर टाकलेले मिळून दीड लाखाच्या आसपास जमलेत. कमिटीच्या मीटिंगमध्ये एकमताने (म्हणजे हजर असलेल्या पाच जणांच्या) ठरलं की पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीतल्या गरजू महिलांना शिलाई यंत्रं वाटायची. हॉल ठरला, शाल-श्रीफळाची यादी झाली, माजी नगरसेवकांची तारीखही मिळाली. कोणत्या बायकांना द्यायची, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एवढंच विचारलं, त्यांना यंत्रं हवीत का? झालं. "मग तुम्हीच बघा काय ते" म्हणून काम माझ्या गळ्यात.

माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना विचारलं. म्हणाल्या, "मशीन? आहे की. माळ्यावर." कुठल्याशा निवडणुकीच्या आधी मिळालेलं. पट्टा तुटला, दुरुस्तीला कुणी आलं नाही, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ते उघडून ठेवलं की पोरांना झोपायला जागा उरत नाही. यंत्रावर चिकटवलेला दात्याचा हसरा फोटो अजून शाबूत आहे म्हणे.

तर प्रश्न असा. वस्तीपातळीवर काम करून बायकांना खरंच पायावर उभं करणाऱ्या संस्था, गट, सरकारी केंद्रं यांचा तुमचा अनुभव काय? नेमकं कशाने जमतं आणि कशाने नाही? देणगी देऊन मोकळं व्हायचं नाहीये. कृपया "सगळे चोर आहेत" हा प्रतिसाद देऊ नये, तो मला पाठ आहे.

खवट_काका

सगळे चोर आहेत हे लिहायला बंदी असल्याने दुसरा मुद्दा लिहितो. यंत्र वाटपाचे फोटो झकास येतात, कारण काळं यंत्र आणि पुढे शाल घेतलेली बाई हे दूरवरून ओळखू येतं. पापड लाटणाऱ्या बाईला खेळत्या भांडवलासाठी दिलेले पाच हजार फोटोत दिसत नाहीत.

आणि एका गल्लीत दहा यंत्रं दिलीत तर शिवायचं कुणाचं? गाऊन तुळशीबागेत शिवणावळीपेक्षा स्वस्त मिळतो. उरलं ब्लाउज आणि फॉल-पिको. त्यासाठी गल्लीत एक बाई पुरते, आणि ती आधीपासून असते. तुम्ही तिलाच दहा स्पर्धक देताय.

दोरा_गुंडी

काका, पूर्ण सहमत नाही. आईने आम्हा तिघांना एका यंत्रावर वाढवलं, इचलकरंजीत. पण एक खरं. तिच्याकडे आधी शाळेच्या गणवेशाचं काम घेणारा ठेकेदार आला आणि मग यंत्र आलं, तेही हप्त्यावर. तो कापून गठ्ठे आणून द्यायचा, आई शिवून द्यायची, शनिवारी हिशेब. पीस रेट कमीच होता, पण काम आटलं नाही. यंत्र घरात आहे आणि गठ्ठा येत नाही, अशी बाई मी तरी कमावताना पाहिली नाही.

मृ, शिवणकाम येणारी एखादी बाई वस्तीत असेलच. तिला यंत्र नको, पीएम विश्वकर्मा योजनेचा फॉर्म भरून द्या. शिंपी त्यातल्या १८ व्यवसायांत आहे. प्रशिक्षणाला रोजचे ५०० रुपये भत्ता, साधनांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. अर्ज कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. तिथे बरोबर जाणारं माणूस हवं, कारण आधारला मोबाइल जोडलेला नसणं हे पहिलं विघ्न.

हिशेबनीस

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच ग्रामीण शाखांत. बचत गटांची खाती उघडली, नाकारली, थकीत झालेली वसूलही केली. म्हणून जरा लांबण लावतो.

नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासाची सरकारी बँक) १९९२ साली ५०० बचत गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा आमच्याकडे त्याची थट्टा व्हायची. तारण नाही, जामीन नाही, सह्या अंगठ्याच्या, कर्ज कसं द्यायचं? पुढे कळलं की गटाची वही हेच तारण. ज्या गटाची बैठक ठरल्या दिवशी होते, बचत ठरल्या रकमेची होते, आत कर्ज फिरतं, ते वेळेवर परत येतं आणि हे सगळं त्याच दिवशी लिहिलं जातं, त्या गटाचं बँकेचं कर्ज सहसा बुडत नाही. यालाच पंचसूत्री म्हणतात. ऐकायला शाळेच्या प्रतिज्ञेसारखं वाटतं, पण मी शाखेत वही मागायचो तेव्हा सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या की फाईल बाजूला ठेवायचो.

आता आकडे. दहा बायका, महिन्याला दोनशे. वर्षाला २४ हजार. एवढ्यात काय होतंय, असं सोसायटीतला माणूस म्हणेल. आता गटातल्या एकीने १० हजार घेतले, महिना २ टक्के, दर महिन्याला हजार मुद्दल फेडत दहा महिन्यांत. उतरत्या शिलकीवर व्याज होतं एकूण ११०० रुपये. २ टक्के महिना म्हणजे वर्षाला २४, महागच आहे! पण ते ११०० गटाच्याच पेटीत पडतात आणि वर्षअखेर तिच्याही वाट्याला येतात. सावकाराकडे किंवा साप्ताहिक हप्तेवाल्या फायनान्सकडे गेलेलं व्याज परत येत नाही. सगळा फरक तेवढाच.

लोक भिशी आणि गट एकच समजतात. भिशी फुटली की संपली. गटाचा पैसा राहतो, वाढतो, आणि त्याच्यावर बँक अजून देते.

गटाची_ताई

हिशेबनीस दादा, तुम्ही लिहिलं ते बरोबर. पण बँकेच्या काउंटरच्या पलीकडून लिहिलंय, म्हणून अलीकडचं मी लिहिते. मी उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या ग्रामीण बचत गटांच्या अभियानात, सीआरपी (गट बांधणारी गावपातळीवरची कार्यकर्ती) आहे, मराठवाड्यात. नऊ वर्षं गटच करतेय.

पहिली गोष्ट, गट सुरू करणं सोपं. सहाव्या महिन्यात तो मोडू न देणं हे काम. पहिल्या बैठकीला पंधराजणी येतात, कारण कर्ज मिळणार असं गावात पसरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात कळतं की आधी बचत, मग कर्ज. पाच गळतात. मग एकीच्या नवऱ्याला वाटतं गटाची अध्यक्ष आपलीच हवी. मग कुणाच्या तरी लेकीचं लग्न निघतं, तिला सगळे पैसे एकदम हवे असतात आणि बाकीच्यांना नाही म्हणवत नाही. तिथे मी सतरंजीवर बसून असते. वही उघडते आणि विचारते, मागच्या वेळी हिने कधी फेडलं? वाचा मोठ्याने. वही वाचली की भांडण निम्मं कमी होतं. हे शिकवायला मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, बँक. कागदोपत्री नियम छान आहेत, गावाकडच्या गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज आहे. पण शाखेत गेलं की "आज साहेब नाहीत". बायका रोज बुडवून रिक्षाने येतात, परत जातात. एका शाखेत (नाव लिहित नाही, रोज जावं लागतं) आम्ही शेवटी वीस बायका मिळून गेलो आणि बाकावर बसून राहिलो. भांडलो नाही. डबे काढले, जेवलो. दुपारी साहेब आले.

तिसरी, साप्ताहिक फायनान्स. आमच्याकडे त्याला नुसतं "ग्रुप लोन" म्हणतात. दारात येऊन पैसे देतात, कागद कमी, म्हणून बायका घेतात. मंगळवारी हप्ता. तो भरायला बुधवारवाल्याचं घेतात. आमच्या गटात नवी बाई आली की मी आधी तिला विचारते, घरात हप्त्याची कार्डं किती? तीनच्या वर असली तर आधी तिचं एक कार्ड गटाच्या पैशाने बंद करतो, मग शेळी, मग शिलाई. धंद्यासाठी कर्ज दिलं आणि ते हप्त्यात गेलं असं कितीतरी वेळा होतं, म्हणून.

आमचं मानधन २०२३ मध्ये तीन हजाराचं सहा हजार झालं, तेही मोर्चे काढून. दुसऱ्याला स्वावलंबी करणारीचं हे असं.

हिशेबनीस

ताई, "आज साहेब नाहीत" मधला साहेब बऱ्याचदा मीच होतो. बाकी बोलत नाही. वहीचं वाचन मोठ्याने करणं हे मात्र मॅनेजरांच्या ट्रेनिंगमध्ये घातलं पाहिजे.

म्हसवडचा_पाव्हणा

बँकेचा विषय निघालाय तर आमच्या गावचं सांगितल्याबिगर राहवत नाही. माण तालुका, सातारा जिल्हा. पाऊस म्हणजे पाहुणा. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई. तिला पावसाळ्याच्या आत पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे, एवढंच. एकही बँक खातं उघडेना, एवढ्याशा रकमेत काय राम आहे म्हणून. आमच्याकडं सामाजिक काम करणाऱ्या चेतना सिन्हांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं त्यामागं ही गोष्ट.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला तर नामंजूर. का, तर प्रवर्तक बायकांनी सह्यांच्या जागी अंगठे लावलेले. गावात बायका म्हणाल्या, मग शिकू की. संध्याकाळी वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्या परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं कारण गावात शाळा नव्हती, पण हिशेब येतो. कुठल्याबी रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरबिगर करायला सांगा. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पण मला सांगायचंय ते पुढचं. बायका बाजार सोडून बँकेत येऊ शकत न्हाईत, म्हणून बँकेची माणसं आठवडी बाजारात आणि दारात जायला लागली. धंदा शिकवायची शाळा बसमध्ये घालून गावोगाव फिरवली. पुढं २०१२-१३ च्या दुष्काळात बायका म्हणायला लागल्या जनावरं विकावी लागतील, तवा म्हसवडला चारा छावणी घातली. आता बँकेचं आणि चाऱ्याचं काय नातं? पर ज्या बाईनं म्हशीवर कर्ज काढलंय तिची म्हैसच गेली तर तुमचं स्वावलंबन कुठं ऱ्हायलं?

खवट_काका

पाव्हणं, हे पटलं. संस्थेचं माणूस वाईट वर्षात दिसतं की फक्त मार्चअखेरीस, एवढं बघितलं तरी पुरे.

जर्सीकरीण

इथे न्यू जर्सीत मी शनिवारी एका संस्थेत कर भरण्याचे फॉर्म फुकट भरून द्यायला जाते, म्हणून हा धागा पकडला. अमेरिकेत अशा स्थानिक संस्थांना कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सी म्हणतात. जॉन्सन अध्यक्ष असताना १९६४ च्या इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्टमधून त्या निघाल्या, आज देशभर हजारेक आहेत. लहान मुलांची हेड स्टार्ट बालवाडी, हिवाळ्यात गॅस-विजेच्या बिलाला मदत, गळक्या घरांच्या खिडक्या-भिंती बंदिस्त करून बिलच कमी करणं, नोकरीसाठी तयारी, असं सगळं एका छपराखाली.

मला त्यात आवडलेली एक गोष्ट, संचालक मंडळ. कायद्यानेच एक तृतीयांश लोकप्रतिनिधी, किमान एक तृतीयांश गरीब वस्तीतून लोकांनी निवडून दिलेले, उरलेले उद्योग, चर्च, शाळा वगैरेंतले. म्हणजे ज्या बाईला बिलाची मदत मिळते तीच बाई बजेटवर मत देते. सगळीकडे हे प्रामाणिकपणे होतं असं नाही, काही ठिकाणी ती खुर्ची कायम रिकामी दिसते. पण नियम आहे. मृ, तुमच्या कमिटीत वस्तीतलं किती जण आहे?

आणि दुखरी बाजूही सांगते. इथे पगार तासाला एखाद-दोन डॉलरने वाढला की पाळणाघराचं अनुदान जातं, मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) जातं, फूड स्टँप्स (अन्नधान्यासाठीची सरकारी मदत) घटतात. हातात येणारं वाढण्याऐवजी कमी होतं. माझ्यासमोर बसलेल्या बाईने बढती नको म्हणून सांगितलंय, आणि तिचं गणित अगदी बरोबर होतं.

खवट_काका

हे आपल्याकडे नाही असं समजू नका. रेशनच्या प्राधान्य कुटुंब यादीसाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार, गावात ४४ हजार. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई खरं उत्पन्न लिहील तर गहू-तांदूळ गेला. म्हणून ती काय करते? उद्योगाची नोंदणीच करत नाही. खाणावळ चालवते, पण कागदावर घरकाम. मग तिला कर्ज नाही, अनुदान नाही, आणि आपण इथे लिहिणार की असंघटित क्षेत्र मागासलेलं आहे.

मृद्गंध

अरे बापरे. पोळ्यांच्या ताईंनी अगदी हेच विचारलं होतं, "फॉर्म भरला तर कार्ड जाईल का?" मला वाटलं कसलं क्रेडिट कार्ड.

@जर्सीकरीण, आमच्या कमिटीत वस्तीतलं शून्य. वॉचमनकाका मीटिंगला असतात, पण चहा द्यायला.

ओला_सुका

पुण्यात राहून कुणी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेचं नाव घेतलं नाही याचं नवल वाटलं. तुमच्या दारात रोज जी ताई ढकलगाडी घेऊन येते ना, ती कुठल्या ठेकेदाराची नोकर नाही, ती त्या संस्थेची मालक-सभासद आहे.

१९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना सुरू झाली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातले लोक यांच्या पुढाकाराने. पहिलं काम काय केलं? कर्ज नाही, प्रशिक्षण नाही. ओळखपत्र. कचराकुंडीत हात घातला की चोर म्हणून पोलीस धरायचे. महापालिकेची मान्यता असलेलं कार्ड गळ्यात आलं आणि ते धरणं कमी झालं. मग भंगारवाल्याच्या वजनकाट्याचा प्रश्न, म्हणून स्वतःचं भंगार दुकान. मग पतसंस्था. मग २००८ ला महापालिकेशी करार करून स्वच्छ ही सहकारी संस्था दारोदार कचरा उचलायला लागली. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत, बहुसंख्य बायका.

यातलं अर्थकारण नीट बघा. घरटी शुल्क तिला थेट मिळतं, आणि सुका कचरा विकून येणारे पैसे तिचेच. म्हणून तुम्ही ओल्यात सुका मिसळून दिला की तिची मजुरी कापता. दुधाची पिशवी धुऊन वेगळी द्या, पुठ्ठा कोरडा ठेवा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर खूण करून द्या, तिला हाताने उघडून बघावं लागू नये. दीड लाखातला एक रुपयाही न देता एवढं आजपासून करता येईल.

आणि अशा संस्थांचं टिकणं किती अवघड तेही कळू द्या. करार संपत आला की दरवेळी मोठ्या गाड्या आणि मोठे ठेकेदार दारात उभे असतात, आणि या बायकांना नव्याने सिद्ध करावं लागतं की त्या काम करतात.

गिरणगावकर

शहरातल्या बायकांचा विषय आणि अन्नपूर्णा महिला मंडळ नाही? परळ-लालबागच्या चाळींत एकटे राहणारे गिरणी कामगार खाणावळवाल्या बाईकडे जेवायचे. ती महिनाभर खाऊ घालणार, पगार झाल्यावर पैसे. तोवर धान्य वाण्याकडून उधार, वाण्याचं व्याज, कधी मंगळसूत्र गहाण. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी या बायकांना एकत्र करून राष्ट्रीयीकृत बँकेतून छोटी कर्जं मिळवून दिली. बायकांना स्वयंपाक शिकवायला लागला नाही, गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. मधला एकच दुवा महाग होता, तो त्यांनी स्वस्त केला. मला हे फार हुशारीचं वाटतं. बहुतेक योजना बाईला जे आधीच येतं तेच शिकवायला निघतात.

पुढे १९८२ चा संप झाला आणि जेवणारेच गावाला गेले. खाणावळी बसल्या. तेव्हा मंडळ होतं म्हणून काही बायका डब्यांकडे, केटरिंगकडे वळल्या. एकेकटीला ते जमलं नसतं. पुण्यात हेच काम त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून वस्त्यांमध्ये उभं केलं. कर्जाबरोबर विमा आणि पाळणाघरंही. मृ, पाळणाघराचं आधी बघा. बाई कामाला का जात नाही याचं निम्मं उत्तर कडेवर असतं.

आणि लिज्जत. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. सकाळी शाखेतून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी वजनावर पैसे. लाटणारी प्रत्येक भगिनी भागीदार. पापडाचा दर्जा एकाच ठिकाणी तपासला जातो आणि विक्रीची डोकेदुखी लाटणारीला नसते. आमच्या आत्याने आयुष्यभर लाटले. ती उद्योजिका वगैरे नव्हती, पण तिचं स्वतःचं पासबुक होतं आणि काकांना ते कुठे ठेवलंय हे माहीत नव्हतं.

दोरा_गुंडी

आत्या भारी!

रोखठोक

इतका वेळ वाचतेय. सगळे छान लिहितायत, पण एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. मृद्गंध, तुमच्या सोसायटीत घरं किती? वस्तीतल्या किती बायका तिथे कामाला येतात? त्यांना आठवड्याची सुट्टी आहे? आजारी पडल्या तर पगार मिळतो की खाडा? दिवाळीला एक पगार बोनस की सोनपापडीचा डबा?

गरीब बाईने उद्योजक झालंच पाहिजे हा हट्ट मला कळत नाही. आपल्यातले किती जण धंदा करतात? आपण नोकरी करतो, पीएफ कापून घेतो, आणि तिला म्हणतो तू जोखीम घे, मसाले विक. तिला आत्ता जे काम आहे त्याचा धड पगार आणि चार भरपगारी रजा मिळाल्या तर तीही स्वतःच्या पायावरच उभी आहे.

१९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. मागण्या हेच सगळं, पगारवाढ, रजा, बोनस. त्यातून संघटना उभी राहिली. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. मंडळात नोंदणी करायला मालकाचा दाखला लागतो, आणि तो देताना सुशिक्षित घरांतही हात आखडतो, उगाच काही अंगाशी येईल म्हणून. दीड लाख वाटण्याआधी प्रत्येक घराने तो एक कागद सही करून द्यावा.

खवट_काका

हे सोसायटीच्या ग्रुपवर टाका. मी चहा घेऊन बसतो.

हिशेबनीस

रोखठोक ताई, मुद्दा बिनतोड. फक्त एक जोड. पगार वाढला तरी अचानक आलेल्या दवाखान्याला पगार पुरत नाही, तिथे गटच कामाला येतो. दोन्ही लागतं.

रोखठोक

लागतंच. पण रजेला पैसे लागतात आपले आणि गटाला लागतात तिचे, म्हणून सोसायट्यांना गट जास्त आवडतो.

मृद्गंध

टाकलं ग्रुपवर. दोघं ग्रुप सोडून गेले, एकाने "हे व्यासपीठ नाही" लिहिलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सगळ्यांत आधी "मी दाखला देते, फॉर्म कुठे आहे" विचारलं. आतापर्यंत २६ घरांनी दाखल्याला हो म्हटलंय. महिन्याला दोन भरपगारी सुट्यांवर अजून घासाघीस चालू आहे, त्यात माझा नवराही आहे, असो.

यंत्रवाटप रद्द. माजी नगरसेवकांना कळवलं, ते म्हणाले मग ट्रॅक्सूट वाटूया.

पैशांचं असं ठरतंय. महापालिकेच्या समाज विकास विभागात जाऊन आले. वस्तीत नोंदलेले गट आहेत, त्यातल्या एका गटाच्या बैठकीला ताई मला घेऊन गेल्या. चौदाजणी, देवळाच्या ओट्यावर, लोखंडी पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडे. मी काय देणार आहे यापेक्षा मी किती वाजता उठणार आहे यात त्यांना जास्त रस होता, कारण नळाला पाणी यायची वेळ झाली होती. त्यांनी काय मागितलं? यंत्र नाही, प्रशिक्षण नाही. "दिवाळीच्या फराळाची ऑर्डर द्या. आणि पुढच्या वर्षीपण द्या." दुसरं, वस्तीतल्या पाळणाघराचं भाडं थकलंय, ते एका वर्षापुरतं.

तर फराळाचं करतोय. चकली, शेव, चिवडा, बेसन लाडू. ५० घरांनी दोन-दोन किलो जरी घेतलं तरी बरीच मोठी ऑर्डर आहे. गटाची_ताई, ऑर्डर देताना काय सांभाळायचं? आणि अन्न परवाना लागेल का?

गटाची_ताई

ताई, नोंदणी करून घ्या, लहान धंद्याला साधी नोंदणीच लागते. ऑनलाइन फॉसकॉसवर (अन्न परवान्याची सरकारी वेबसाइट) होते, शुल्क अगदी थोडं आहे. एजंट हजार-दोन हजार मागेल, देऊ नका. उद्यमची (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी तर फुकटच आहे, तिचेही लोक पैसे घेतात.

ऑर्डरचं सांगते, आमचे हात पोळलेत म्हणून.

निम्मी रक्कम आधी द्या, आणि ती दिवाळीच्या महिनाभर आधी द्या. तेल, डाळ, साखर दिवाळीच्या तोंडावर चढतं. आधी पैसे मिळाले तर बायका होलसेलमध्ये भरून ठेवतील, तिथेच त्यांचा नफा आहे. आगाऊ नाही दिलंत तर त्या कर्ज काढून माल घेतील आणि तुमच्या ऑर्डरचं व्याज फायनान्सवाला खाईल.

भाव आत्ताच कागदावर लिहा, दोन्हीकडच्या सह्या घ्या. शेवटच्या आठवड्यात "बाहेर स्वस्त मिळतं" म्हणून कुणी येणार, ते तुम्ही बघायचं, गटाने नाही.

सगळे पदार्थ एकदम मागू नका. पहिल्या वर्षी चकली आणि लाडू, बास. चकलीची भाजणी एकीच्या हातची घ्या आणि तीच सगळ्यांना वाटा, नाहीतर चौदा घरच्या चौदा चवी येतात आणि तक्रारी तुमच्याकडे. नमुना आधी अर्धा किलो करून घ्या, खाऊन बघा, तिखट-मीठ तिथेच ठरवा. वजनकाटा डिजिटल घ्या, तुमच्या दीड लाखातून तेवढा घ्यायला हरकत नाही. पॅकिंगच्या पिशव्या आणि झारेही मोजून लागतात.

मजुरी तासावर लिहायला लावा. गटात ज्या दोघी-तिघी जास्त राबतात त्यांना सगळ्यांसारखंच मिळालं की पुढच्या वर्षी त्या येत नाहीत, आणि ऑर्डर त्यांच्याच जिवावर असते.

उरलेले पैसे माल पोचला त्याच दिवशी द्या. सोसायटीचा चेक दोन सह्यांचा असतो आणि सेक्रेटरी दिवाळीला गावी जातो, हे आधी विचारून ठेवा.